पाच पोर्टचं गॉलब्लॅडर

वय ४१, स्त्री, जीएनएम (नर्सिंगची पदविका), खासगी रुग्णालयाच्या मेडिकल आयसीयूत स्टाफ नर्स, नोकरी १८ वर्षं. उंची १५५ सेंटिमीटर, वजन ९४ किलो, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) ३९.१. मे २०२४ मध्ये आमच्या बॅरिॲट्रिक, म्हणजे वजन उतरवण्याच्या शस्त्रक्रियेच्या ओपीडीच्या फॉर्मवर हे मीच लिहिलं. मी या टीममध्ये आहारतज्ज्ञ आहे. ‘व्यवसाय’ या रकान्यात ‘नर्स’ लिहिलं आणि मला हायसं वाटलं. प्रोटीन म्हणजे काय इथून सुरुवात करायला नको, पथ्याचा कागद हातात दिला की झालं. एरवी पाऊण तास चालणारं समुपदेशन मी पंचवीस मिनिटांत उरकलं. पुढे या प्रकरणात जे बिघडलं त्यातला माझा वाटा इथेच सुरू होतो, म्हणून तो आधी सांगून मोकळी होते.

त्यांचं नाव लिहीत नाही. वॉर्डात सगळे सिस्टर म्हणतात, मीही तेच म्हणेन. ओळख पटू नये म्हणून किरकोळ तपशील बदलले आहेत. मजकूर त्यांनी वाचलाय आणि दोन ठिकाणी माझी चूक काढून परत दिलाय.

सात मिनिटांचा डबा

सिस्टर मूळच्या कराडकडच्या. नोकरीला लागल्या तेव्हा वजन ५६ होतं. म्हणजे ३८ किलो १८ वर्षांत आले, वर्षाला साधारण दोन. इतक्या हळू येणारं वजन दिसत नाही, युनिफॉर्म फक्त दर दोन वर्षांनी एक नंबर वाढवून घ्यावा लागतो. मधे दोन सिझेरियन झाली. पण त्या स्वतः दोष बाळंतपणांना देत नाहीत, नाईटला देतात.

नाईट रात्री आठ ते सकाळी आठ. महिन्यात आठ-दहा. रात्री जेवण लागत नाही आणि पहाटे तीनला भूक अशी खवळते की कँटीनमध्ये जे असेल ते चालतं, आणि तिथे त्या वेळेला वडापाव आणि क्रीमरोल एवढंच असतं. शिवाय पेढे. पेशंट आयसीयूतून वॉर्डात गेला की नातेवाईक पेढ्यांचा बॉक्स आणतात आणि तो नर्सिंग स्टेशनच्या ड्रॉवरमध्ये संपेपर्यंत असतो. सकाळी घरी येऊन झोपावं तर पुण्याच्या धायरीत दहा वाजता भाजीवाला, अकराला टँकर. नाईट करणाऱ्यांच्या शरीराचं घड्याळ बिघडतं, झोप तुटते, साखर आणि भूक दोन्ही भलत्या वेळी वर-खाली होतात, हे आता पाठ्यपुस्तकातही आहे. सिस्टरांना ते पुस्तकाशिवाय माहीत होतं.

एक गोष्ट मात्र मी विचारलीच नाही आणि त्यांनी सांगितली नाही. त्यांच्या लेखी ती सांगण्यासारखी नव्हतीच. डबा उघडल्यापासून हात धुवेपर्यंत त्यांना सात मिनिटं लागायची. घरीही. लग्नाच्या पंगतीतही पहिल्यांदा त्यांचंच ताट रिकामं. बेल वाजायच्या आत, मॉनिटरचा अलार्म वाजायच्या आत पोटात टाकायचं, ही अठरा वर्षांची सवय.

उपाय करून झाले होते. दीक्षित डाएटवर सात किलो उतरले. पण ते दिवसातून दोनदाच आणि पंचावन्न मिनिटांच्या आत खायचं. नाईटला दिवस कुठला आणि रात्र कुठली तेच ठरेना, आणि तीन महिन्यांत सात गेलेले नऊ होऊन परत आले. सिंहगड रोडवरच्या एका जिमला वर्षाचे पैसे भरून दीड महिना गेल्या. रविवारी पर्वती चढायला सुरुवात केली, तर त्या १०३ पायऱ्यांनी गुडघे धरले.

ओपीडीत यायला दोन गोष्टी कारण झाल्या. नाईट करून परतताना वडगाव पुलाच्या सिग्नलला ॲक्टिव्हावर बसल्या बसल्या त्यांना झोप लागली. मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला तेव्हा सिग्नल हिरव्याचा पुन्हा लाल झाला होता. दुसरी गोष्ट त्यांनी मला चौथ्या भेटीत सांगितली. डायबेटीसच्या पेशंटला डिस्चार्ज देताना पथ्याचा कागद समजावून सांगत होत्या, तेव्हा त्याची बायको नवऱ्याला हळूच म्हणाली, “आधी ह्यांनाच द्या म्हणावं.” आवाज हळू होता, पण आयसीयूच्या सिस्टरला कुजबुज ऐकू येते.

दोन किलो कमी पडत होते

तपासण्यांमध्ये रक्तदाब होताच, टेल्मिसार्टन चालू होती. एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) ६.३, म्हणजे डायबेटीसच्या उंबरठ्यावर. स्लीप स्टडीत एएचआय ३८ आला. झोपेत तासाला सरासरी ३८ वेळा श्वास थांबत किंवा उथळ होत होता. ३० च्या वर गेला की तीव्र स्लीप ॲप्निया. सिग्नलवरच्या झोपेचा उलगडा झाला. रात्री सीपॅप, म्हणजे मास्कमधून हवेचा दाब देणारं यंत्र, लावायला सुरुवात केली.

वैद्यकीय बाजूने प्रश्न नव्हता. बॅरिॲट्रिक सर्जरीचे जुने निकष १९९१ चे, अमेरिकेतले: बीएमआय ४०, किंवा आजार असतील तर ३५. २०२२ मध्ये दोन आंतरराष्ट्रीय संघटनांनी ते बदलले. आता ३५ च्या वर आजार नसला तरी शस्त्रक्रिया सुचवता येते, आणि आशियाई लोकांसाठी २७.५ पासून विचार करावा असं म्हटलंय, कारण आपल्याकडे कमी वजनावरही पोटावरची चरबी आणि साखर आधी गाठते. आरोग्य विमा मात्र जुन्याच आकड्यांवर आहे. विमा नियामक आयआरडीएआयच्या २०१९ च्या नमुना अटींत बीएमआय ४० लागतो. ३५ च्या वर असेल तर यादीतला एखादा गंभीर आजार हवा: लठ्ठपणामुळे झालेला हृदयस्नायूंचा विकार, हृदयधमनीचा आजार, तीव्र स्लीप ॲप्निया किंवा आटोक्यात न येणारा टाइप टू डायबेटीस. गुडघे या यादीत नाहीत. रक्तदाबही नाही.

सिस्टर ३९.१ वर. चाळीसला ९६ किलो आणि वर थोडे ग्रॅम लागत होते. घरात थट्टा झाली की दोन आठवडे रोज बाकरवडी खा, काम होईल. थट्टा म्हणून ठीक, पण क्लेमसाठी वजन वाढवून आलेले पेशंट मी पाहिलेत, आणि त्यांचा मला राग येत नाही, त्या अटीचा येतो. इथे स्लीप स्टडीने वाचवलं. टीपीएने (विमा कंपनीसाठी क्लेम तपासणारी संस्था) दोनदा क्वेरी काढली, एकदा डाएटचे पुरावे मागितले (जिमची पावती तिथे कामी आली, जिम नाही), आणि मंजुरी आली.

क्लेम नवऱ्याच्या कंपनीच्या पॉलिसीतून केला. स्वतःच्या हॉस्पिटलची ग्रुप मेडिक्लेम असताना. शस्त्रक्रियाही स्वतःच्या हॉस्पिटलमध्ये न करता आमच्याकडे. कारण एकच, तिथे कळता कामा नये.

काय केलं

स्लीव्ह की बायपास, या दोनपैकी कुठली शस्त्रक्रिया, यावर सर्जनने वेळ दिला, मी दिला नव्हता तेवढा. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण पाऊण भाग, बाहेरच्या वळणाच्या बाजूने, स्टेपलर लावून काढून टाकतात. उरते ती केळ्याच्या आकाराची नळी. आतड्याला हात लावत नाहीत. काढलेल्या भागातच भूक लावणारं घ्रेलिन हे संप्रेरक जास्त तयार होतं, म्हणून नुसती जागाच कमी होत नाही, भूकही बसते. काढलेलं परत लावता येत नाही. बायपासमध्ये छोटी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात. ॲसिडिटीचा त्रास असणाऱ्यांना ती बरी, पण जीवनसत्त्वं आणि लोह जास्त सांभाळावं लागतं. सिस्टरांना अधूनमधून ॲसिडिटी होती. एंडोस्कोपीत हर्निया नव्हता, सूज नव्हती. स्लीव्हनंतर जळजळ वाढू शकते हे ऐकून, समजून, सही करून त्यांनी स्लीव्ह घेतली.

यकृत आक्रसावं म्हणून दोन आठवडे कमी कर्बोदकांचं पातळ खाणं, आणि १३ ऑगस्ट २०२४ ला शस्त्रक्रिया. दुर्बिणीतून, पाच छिद्रं, म्हणजे पोर्ट. संध्याकाळी चालवलं. पायांत गाठ होऊ नये म्हणून पोटावर इंजेक्शन द्यायला आमची मुलगी आली तर सिस्टरांनी सिरिंज हातातून घेऊन स्वतःच टोचून घेतली. तिसऱ्या दिवशी घरी. यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही, सगळं नीट झालं.

खोटं आणि रजा

हॉस्पिटलमध्ये त्यांनी सांगितलं होतं गॉलब्लॅडरचं, म्हणजे पित्ताशयाचं, ऑपरेशन आहे. खोटं हुशारीचं होतं. दुर्बिणीचं, पोटावर छोट्या जखमा, नंतर थोडं पथ्य आणि थोडं वजन उतरणं, सगळं जुळतं. कोणी खोदून विचारणार नाही.

पण गॉलब्लॅडरला रजा किती मिळते हे नर्सिंग ऑफिसला पाठ असतं. दहा दिवस, फार तर पंधरा. आमच्या सर्जनने चार आठवडे लिहून दिले होते आणि जड उचलायचं नाही असं अधोरेखित केलं होतं. ते पत्र पर्समध्येच राहिलं. शिवाय ७ सप्टेंबरला गणपती बसत होते. पुण्यात गणपतीच्या दहा दिवसांत नर्सिंग रोस्टर म्हणजे काय असतं हे ज्याने केलंय त्यालाच माहीत. निम्म्या जणींना गावी जायचं असतं आणि उरलेल्यांना घरचा गणपती असतो. २९ ऑगस्टला, सोळाव्या दिवशी, सिस्टर ड्युटीवर हजर.

सोळाव्या दिवशी पथ्याच्या कागदाप्रमाणे गाळलेलं आणि मिक्सरमधून काढलेलं पातळ खायचं असतं. मुगाचं कढण, ताक, प्रोटीन पावडर, पातळ पेज. पण गॉलब्लॅडरवालीला उपमा चालतो. चार जणी डबे उघडून बसल्या की “अगं, एवढंसं काय खातेस” म्हणत एक चमचा भाजी, अर्धी पोळी ताटात येते. नाही म्हटलं की कारण द्यावं लागतं. मग खाल्लं, आणि सवयीने सात मिनिटांत खाल्लं. उरलेली नळी शंभर-दीडशे मिलीची. पहिली उलटी ३१ तारखेला झाली.

विसाव्या दिवशी आमच्या कोऑर्डिनेटरने फोन केला. “सगळं ठीक आहे हो, मी बघते ना.” आमच्याकडून तेवढ्यावर टिक मारली गेली. दुसरी कोणी असती तर दिवसाला किती वेळा लघवीला जाता, हे विचारलं असतं. नर्सला विचारलं नाही.

सप्टेंबरच्या मध्यापर्यंत रोज तीन-चार उलट्या. पाणी दिवसाला अर्धा लिटरही नाही, कारण आयसीयूत बेडपाशी पाणी पिता येत नाही आणि पॅन्ट्रीत जायला कोणी सोडवत नाही. जीवनसत्त्वाच्या गोळ्या गिळल्या की उलटीत जात, मग बंदच. वजन ८२ वर आलं. सगळ्या जणी म्हणत होत्या, किती छान बारीक झालीस.

विसर्जनाची रात्र

१७ सप्टेंबर, अनंत चतुर्दशी. नाईट. लांबून ढोल ऐकू येत होते. रस्ते बंद, निम्मा स्टाफ दमून उशिरा आलेला. अकराच्या सुमाराला सिस्टरांना पुन्हा उलटी झाली आणि उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी आली. त्यांनी ज्युनिअरला सांगितलं, चेंजिंग रूममध्ये एक डीएनएस (ग्लुकोजचं सलाईन) आण, एमसेट (उलटीचं औषध) टाक, अर्ध्या तासात सोडू. वॉर्डात हे नवीन नाही. ताप आला, चक्कर आली, की नर्सेस एकमेकींना आडोशाला सलाईन लावतात, ना केसपेपर ना ऑर्डर, आणि तासाभराने ड्युटीवर उभ्या. मी याला धाडस म्हणत नाही. पण त्या वेळी ओपीडीत जायला सुट्टी देणारं कोणी नसतं, हेही खरं.

त्या मजल्यावर ओटी (ऑपरेशन थिएटर) आणि आयसीयूची चेंजिंग रूम एकच आहे. एक इमर्जन्सी संपवून ओटीच्या सिस्टर कपडे बदलायला आत आल्या. आमच्या सिस्टर बाकावर बसलेल्या, खराब झालेला टॉप काढलेला, हातात कॅन्युला, ज्युनिअर बाटली अडकवतेय. ओटीच्या सिस्टरांची नजर पोटावर गेली. त्या म्हणाल्या, “गॉलब्लॅडरला पाच पोर्ट कधीपासून गं?”

गॉलब्लॅडर चार छिद्रांत होतं. पाचवं वर, छातीच्या हाडाखाली, यकृत उचलून धरायला. आणि एक जखम जरा मोठी, जिथून कापलेलं जठर बाहेर काढतात. ओटीत पंचवीस वर्षं काढलेल्या बाईला तो नकाशा वाचायला दोन सेकंद लागले. त्यांच्या स्वतःच्या पोटावर तोच होता, तीन वर्षांपूर्वीचा. त्यांनीही कोणाला सांगितलं नव्हतं.

पुढच्या क्षणी त्यांनी सलाईनचा रेग्युलेटर बंद केला. “किती दिवस उलट्या? अठरा? आणि बी वन कोणी दिलंय का?”

बी वन म्हणजे थायमिन. शरीरात त्याचा साठा दोन-तीन आठवड्यांपुरताच असतो. तो संपलेल्या माणसाला ग्लुकोजचं सलाईन दिलं तर ते जाळायला उरलंसुरलं थायमिनही खर्ची पडतं आणि मेंदूवर परिणाम होऊ शकतो: गोंधळ, डोळ्यांची हालचाल बिघडणं, तोल जाणं. वर्निकी म्हणतात त्याला, आणि उशीर झाला तर स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. हे सिस्टरांना माहीत नव्हतं का? दारूचा पेशंट आला की आधी थायमिन, मग डेक्स्ट्रोज, हे त्या अठरा वर्षं करत आल्या होत्या. त्याच आठवड्यात बेड नंबर सहाला त्यांनी स्वतः दिलं होतं. मला त्या नंतर म्हणाल्या, “मॅडम, मी दारू पीत नाही ना. डोक्यात आलंच नाही.”

डीएनएस काढून साधं एनएस, म्हणजे बिनग्लुकोजचं मिठाचं सलाईन, लावलं, रात्रीच्या मेडिकल ऑफिसरला उठवून थायमिन लिहून घेतलं आणि मग दिलं. सकाळी, मिरवणूक अजून संपायची होती, नवरा कात्रजच्या बाजूने वळसा घालून त्यांना आमच्याकडे घेऊन आला. नाडी ११२, रक्तदाब ९८/६०, लघवीत कीटोन, म्हणजे उपासमारीची खूण. तळपायांना मुंग्या. एका रेषेत पावलापुढे पाऊल टाकायला सांगितलं तर दोनदा तोल गेला. डोळे ठीक, भान ठीक. शिरेतून थायमिन चालू ठेवलं. स्लीव्ह कुठे अरुंद झाली का, गळते आहे का, हे औषध पाजून एक्स-रेवर आणि एंडोस्कोपीने पाहिलं. नळी मोकळी होती. तिथे बिघाड काहीच नव्हता.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी कॉटजवळ बसून त्यांना मुगाचं कढण खाताना पाहिलं, आणि तेव्हा पहिल्यांदा घड्याळाकडे पाहिलं. एक वाटी, साडेतीन मिनिटं. मी माझा कागद आठवला: ‘दर दोन तासांनी, शांत बसून, लहान घास, एका जेवणाला वीस मिनिटं.’ हा कागद मी कोणासाठी लिहिला होता, देव जाणे.

कर्वेनगरचं स्वयंपाकघर

मुंग्या दिवाळीपर्यंत राहिल्या. पण या प्रकरणात उपचारांनी जेवढं केलं, जवळपास तेवढंच ओटीच्या सिस्टरांच्या स्वयंपाकघराने केलं, असं माझं मत आहे.

नोव्हेंबरच्या एका रविवारी त्यांच्या कर्वेनगरच्या घरी पाच जणी जमल्या. चार वेगवेगळ्या हॉस्पिटल्समधल्या. स्वतः, आमच्या सिस्टर, लेबर रूमच्या एक (बायपास, सहा वर्षं झालेली), कॅज्युअल्टीच्या एक, आणि एनआयसीयूची (नवजात बाळांचा आयसीयू) एक तरुण मुलगी, जिचं अजून ठरत नव्हतं. दुसऱ्या वेळी मला बोलावलं. खरं सांगायचं तर शिकवायला म्हणून गेले आणि वही काढून लिहून घेत बसले.

ओट्यावर एक छोटी स्टीलची वाटी होती. हळदीकुंकवाला वाण म्हणून मिळते ना, तीच. शंभर मिली. ओटीच्या सिस्टर म्हणाल्या, डब्यात पोळी-भाजी नेऊच नकोस, ही वाटी झाकण लावून ने. एक वाटी म्हणजे एक जेवण, मग कोणी ताटात वाढायचा प्रश्न नाही. चमचा बाळाचा. लेबर रूमच्या सिस्टरांची युक्ती वेगळी: घास तोंडात गेला की चमचा खाली ठेवून पाठ खुर्चीला टेकवायची. “आपण पुढे वाकून खातो बघ, पळायच्या तयारीत. पाठ टेकली की हात थांबतो.” हे कुठल्याही पुस्तकात मी वाचलेलं नाही.

पाण्याचं गणित त्यांनी ड्रिपसारखं सोडवलं. औषधाच्या बाटलीबरोबर येतो तो ३० मिलीचा प्लास्टिकचा कप. आयसीयूत दर तासाला व्हायटल्स (नाडी, रक्तदाब वगैरे) लिहायच्याच असतात. त्या लिहून झाल्या की पॅन्ट्रीत जायचं, तीन कप, घोट घोट. तासाला ९० मिली, बारा तासांच्या नाईटला १०८० मिली, उरलेलं घरी. जेवणाच्या अर्धा तास आधी आणि नंतर कप बंद. सिस्टरांनी स्वतःचा इनटेक-आउटपुट चार्ट (पोटात किती गेलं, बाहेर किती पडलं) केला, हॉस्पिटलच्याच फॉरमॅटमध्ये, फक्त बेड नंबरच्या जागी काही लिहिलं नाही.

प्रोटीन दिवसाला किमान ६० ग्रॅम हवं. नाईटला त्यांनी असं बसवलं: निघताना दोन अंडी किंवा पनीरची भुर्जी, दहाची औषधं झाली की ताकात पावडर, दीडला वाटीभर घट्ट मुगाची आमटी, साडेचारला दही. पोळी सगळ्यांनाच अडकते, भात फुगतो. भाकरी आमटीत कुस्करून महिनाभराने चालते. कॅल्शियम आणि लोहाची गोळी एकत्र घ्यायची नाही, दोन तासांचं अंतर, म्हणून एक सकाळच्या हँडओव्हरनंतर आणि एक झोपून उठल्यावर. अंगदुखीला कोणी डायक्लो ही वेदनाशामक गोळी पुढे केली तर नको म्हणायचं, पॅरासिटामॉल घ्यायची.

सगळंच गोड नव्हतं. लेबर रूमच्या सिस्टरांनी शांतपणे सांगितलं की त्यांचे ३८ उतरले होते, त्यातले १२ परत आलेत. चहाबरोबर खारी, मग चिवडा. “मऊ आणि कुरकुरीत दोन्ही खाली सरकतं गं. पोट अडवतं ते फक्त जेवणाला.” त्यावर कोणीच काही बोललं नाही. कॅज्युअल्टीच्या सिस्टरांचे केस चौथ्या महिन्यात मुठीने गळत होते. जाळीच्या आत आंबाडा बसेना म्हणून त्या रडल्या होत्या, ते आता हसून सांगत होत्या. केस बहुतेकींचे परत येतात, तोवर प्रोटीन आणि लोह बघायचं. पण तिथेच एकीने दुसरीला लोहाच्या इंजेक्शनचा डोस सांगायला सुरुवात केली आणि मला मधे पडावं लागलं. नर्सेसच्या अनुभवाला प्रिस्क्रिप्शन व्हायला वेळ लागत नाही, त्यांच्या हाताशी सगळंच असतं. तेव्हापासून ठरलं, काय झालं ते सांगायचं, किती घे ते सांगायचं नाही. हा नियम अजूनही महिन्यातून एकदा मोडतो.

मार्च २०२५ मध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोव्ही ही वजन उतरवणारी इंजेक्शनं भारतात आली तेव्हा एका रविवारी नुसता वाद झाला. एनआयसीयूच्या मुलीचा बीएमआय ३३ होता. तिने शस्त्रक्रिया टाळून डॉक्टरांच्या देखरेखीखाली इंजेक्शन धरलं. पाच महिन्यांत नऊ किलो उतरले. बंद केल्यावर वजन परत येऊ शकतं आणि महिन्याचा खर्च पगाराला जड आहे, हे तिला माहीत आहे. लेबर रूमच्या सिस्टर म्हणतात, माझ्या वेळी असतं तर मीही तेच केलं असतं. ओटीच्या सिस्टरांना हे अजून पटलेलं नाही.

इन्चार्ज

ऑक्टोबरमध्ये पुन्हा हजर व्हायच्या आधी सिस्टर आयसीयूच्या नर्सिंग इन्चार्जना जाऊन भेटल्या आणि खरं सांगितलं. त्यांना मेमोची भीती होती. इन्चार्ज थोडा वेळ रोस्टरच्या वहीकडेच बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “अगं, आधी बोलायचं होतंस. गणपतीत निदान तुला नाईट तरी लावली नसती.” दोन महिने नाईट बंद, पेशंटला उलटवताना दुसरी जण सोबत, आणि जेवायला वीस मिनिटं बाजूच्या बेडची सिस्टर दोन्ही मॉनिटर बघणार. मेमो निघाला नाही. चेंजिंग रूममधल्या त्या सलाईनवरून मात्र त्यांनी ज्युनिअरसकट दोघींना चांगलंच सुनावलं, आणि बरोबरच केलं.

बाकीच्यांना कळलंच. कोणी म्हणालं शॉर्टकट मारला, कोणी विचारलं किती लागले. एका मावशींनी तीन दिवस बोलणंच टाकलं, कारण गॉलब्लॅडर ऐकून त्यांनी नवस बोलला होता.

आजची स्थिती

तीन महिन्यांना वजन ७७, सहा महिन्यांना ७१, वर्षाला ६७. रक्तदाबाची गोळी चौथ्या महिन्यात बंद झाली. एचबीएवनसी ५.५. दहाव्या महिन्यातल्या स्लीप स्टडीत एएचआय ८, सीपॅप डॉक्टरांनी थांबवलं. सहाव्या महिन्यात हिमोग्लोबिन ९.८ होतं, पाळीत रक्तस्राव जास्त होता हे तेव्हा कळलं; स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं, लोह वाढवलं, आता ११.६. जळजळ मात्र आहे. नाईटला ब्रेकमध्ये आडवं झालं की वर येतं, ॲसिडिटीची गोळी पॅन्टोप्राझोल सुटलेली नाही, एंडोस्कोपी पुन्हा करायची आहे. स्लीव्ह घेताना जे कागदावर होतं तेच झालं; त्या म्हणतात, सही माझीच आहे.

आमच्या फॉर्मवर एक ओळ वाढली आहे: ‘डबा किती मिनिटांत संपतो?’ पीएमपीएमएलचे कंडक्टर, पोलीस, शाळेत मधल्या सुट्टीवर नजर ठेवणाऱ्या बाई, सगळ्यांना विचारते. उत्तर बहुधा एक आकडी येतं. आणि पथ्याचा कागद आता तीन रंगांचा आहे: सकाळ, दुपार, नाईट.

फेब्रुवारी २०२६ मध्ये अठरा महिन्यांच्या तपासणीला सिस्टर नाईट संपवून थेट आल्या. वजन ६८.४. मी चार्ट मागितला. महिनाभराचे आकडे होते: जेवणाला २२ मिनिटं, १९, २४, २०. आदल्या रात्रीच्या रकान्यात दीडच्या पुढे रेघ होती.

“हे काय?”

“बेड चार कार्डियाक अरेस्टमध्ये गेला, मॅडम. दोन घास झाले होते.”

“मग?”

“मग वाटीला झाकण लावलं.” त्यांनी पर्स उघडून वाटी टेबलावर ठेवली. हळदीकुंकवाचीच, वर रबरबँड. “पेशंट आला परत. चारची औषधं झाली, तोवर भूकच गेली होती. उलटी नाही झाली.”

मी रेघेवर २ लिहिलं आणि पुढची तारीख दिली. त्या दिवशी त्यांची पुढची नाईट संध्याकाळी आठलाच होती.